काच बदलताना

ट्रायम्फ स्पिटफायरसारख्या जुन्या स्पोर्ट्स कारची पुढची काच चिकटवलेली नसते, रबरात बसवलेली असते. आपल्या कुर्ल्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनीचंही तेच. रबर काचेवर चढवून त्याच्या खाचेत दोरी फिरवतात, साबणाचं पाणी लावतात; एकजण बाहेरून तळहातानं दाबतो, दुसरा आतून दोरी ओढतो आणि रबराची कड चौकटीवर चढते. घाई केली की कोपऱ्यात तडा!

मुंबईच्या किनाऱ्यालगतच्या माहुलच्या खाऱ्या हवेत आधी चौकट बघा. रबराखाली पत्रा गंजलेला असेल तर पहिल्याच पावसात गळती ठरलेली. जुनंच रबर पुन्हा लावणं ही खोटी काटकसर. काच लॅमिनेटेडच घ्या: फुटली तरी तुकडे मधल्या फिल्मला चिकटून राहतात. नियमानुसार पुढच्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश पार व्हावा लागतो.