फिरत्या घरात पाणी किती न्यावे?

टाकी भरून घेण्याआधी नळांमधले अंतर मोजा. मोटरहोमच्या प्रवासातील पाण्याचे गणित

न्यूझीलंडची सहल म्हणजे पर्यटन कंपनीची बस आणि ठरलेली हॉटेले, हे समीकरण आता पूर्वीइतके पक्के राहिलेले नाही. आपल्यासारखीच डाव्या बाजूची वाहतूक, मोकळे रस्ते आणि गावोगावी तळांची सोय यामुळे मोटरहोम भाड्याने घेऊन स्वतः फिरण्याचा पर्याय तिथे सोपा ठरतो. झोपायला बिछाने, स्वयंपाकाला ओटा, छोटेसे स्नानगृह आणि शौचालय असा सारा संसार या गाडीत मावतो. मात्र घरात जी गोष्ट नळ सोडताच येते, ती इथे टाकीत मोजून भरावी लागते. ती म्हणजे पाणी.

'टाकी काठोकाठ भरली की चिंता मिटली' असे वरवर वाटते. प्रत्यक्षात प्रश्न तेवढा सरळ नाही. पाणी कमी पडले तर अडचण होते, हे उघड आहे. पण ते गरजेपेक्षा जास्त घेतले तरी त्याची किंमत मोजावी लागते. शिवाय वापरलेल्या पाण्याची सोय आधी पाहिली नाही, तर स्वच्छ पाणी शिल्लक असूनही सहल अडते.

१३५ लिटरवरून १२ लिटरवर

आपल्याकडे मलनिःसारणाची व्यवस्था असलेल्या शहरांसाठी दरडोई दररोज १३५ लिटर पाणी हा सरकारी निकष धरला जातो. आपत्तीनंतर उभारल्या जाणाऱ्या छावण्यांसाठी 'स्फिअर' या आंतरराष्ट्रीय निकषांत किमान १५ लिटर सांगितले आहेत. मोटरहोममधला माणूस या दोन आकड्यांपैकी दुसऱ्याच्या जवळ राहतो.

न्यूझीलंडमध्ये तर याबाबत कायदाच आहे. सोयी नसलेल्या सार्वजनिक जागेत रात्रीचा मुक्काम करायचा, तर बहुतेक ठिकाणी गाडी 'सेल्फ कंटेन्ड', म्हणजे स्वयंपूर्ण असल्याचे प्रमाणपत्र लागते. त्यासाठी माणशी रोज ४ लिटर याप्रमाणे ३ दिवस पुरेल इतके, म्हणजे माणशी १२ लिटर गोडे पाणी साठवण्याची सोय गाडीत असावी लागते. सांडपाणी साठवण्याची व्यवस्थाही बंधनकारक आहे. २०२३ मध्ये झालेल्या कायद्याने त्यात पक्क्या बसवलेल्या शौचालयाची अट घातली. हलवता येणारे शौचालय आता चालत नाही. नियम मोडल्यास दंड होतो.

हे ४ लिटर म्हणजे केवळ निभावून नेण्याचे प्रमाण. त्यात पिणे, थोडा स्वयंपाक आणि हात-तोंड धुणे भागते. स्नान बसत नाही. सहलीला निघालेल्या कुटुंबाने हिशेब अधिक सैल ठेवायला हवा.

चौघांचा एक दिवस

आई-वडील आणि दोन मुले असे चौघांचे कुटुंब धरू. पिण्यासाठी माणशी अडीच लिटरप्रमाणे १० लिटर. चहा, भात-वरण, कुकर यांसाठी ८ लिटर. भांडी काटकसरीने घासली तर १० लिटर. दात घासणे, हात-तोंड धुणे यासाठी माणशी २ याप्रमाणे ८ लिटर. शौचालयासाठी माणशी ३ याप्रमाणे १२ लिटर. बेरीज झाली ४८ लिटर, म्हणजे माणशी १२ लिटर.

आता स्नान. शॉवरमधून मिनिटाला ५ लिटर पाणी येते असे धरले, तर २ मिनिटे चालू ठेवल्यास १० लिटर लागतात. चौघांचे ४० लिटर धरले की एकूण बेरीज ८८ लिटरवर जाते. चार ते सहा जणांच्या भाड्याच्या गाडीत गोड्या पाण्याची टाकी बहुधा १०० लिटरच्या आसपास असते. म्हणजे गाडीतच सर्वांनी स्नान केले तर टाकी रोज भरावी लागेल, आणि तळावरील स्नानगृह वापरले तर तीच टाकी २ दिवस पुरेल. सहलीत पाण्याचा सर्वांत मोठा फरक या एका निर्णयाने पडतो.

गाडीतच स्नान करायचे असेल तर जहाजावरच्या खलाशांची पद्धत उपयोगी पडते. अंग ओले करायचे, नळ बंद करायचा, साबण लावायचा आणि मग पुन्हा नळ सोडायचा. पाणी गरम होईपर्यंत नळातून वाया जाणारे गार पाणी पातेल्यात धरले, तर ते भांड्यांना कामी येते. तेलकट ताटे आधी कागदाने पुसून घेतली की भांड्यांचे पाणी बरेच वाचते.

अंतर दोन नळांमधले

किती पाणी न्यायचे हे सहल किती दिवसांची आहे यावर ठरत नाही. पाणी भरण्याच्या दोन ठिकाणांमध्ये किती दिवस जाणार, यावर ते ठरते. १५ दिवसांच्या सहलीत रोज नळ भेटणार असेल तर एका दिवसाचे पाणी पुरते. ३ दिवसांच्या सहलीत नळच नसेल तर तिन्ही दिवसांचे न्यावे लागते.

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरील नेहमीचा मार्ग पाहू. क्राइस्टचर्चहून लेक टेकापो सुमारे सव्वादोनशे किलोमीटर, तिथून माउंट कुक शंभराच्या आसपास आणि पुढे क्वीन्सटाउन सुमारे अडीचशे किलोमीटर. वाटेतल्या गावांमध्ये मोटरहोमसाठीचे तळ आहेत आणि तिथे पाणी भरता येते. अशा मार्गावर भरलेली टाकी तीन-तीन दिवस ओझ्यासारखी वाहून नेण्याचे कारण नाही. पश्चिम किनाऱ्याकडे वळल्यावर मात्र वस्ती विरळ होते. जंगलखात्यासारखे काम करणाऱ्या तिथल्या सरकारी विभागाच्या काही साध्या तळांवर शुद्ध केलेले पाणी मिळत नाही. तिकडे निघण्यापूर्वी आदल्या गावातच टाकी भरून घेणे शहाणपणाचे.

याच्या अगदी उलट उदाहरण ऑस्ट्रेलियाचे. दक्षिणेकडील नलारबॉर पठार ओलांडताना सेड्युना ते नॉर्समन हे अंतर सुमारे १,२०० किलोमीटर आहे. वाटेतील पेट्रोलपंपवजा थांब्यांवर गोडे पाणी मोजकेच असते. तिथे टाकी भरून मिळेल असे गृहीत धरता येत नाही. इथे पूर्ण टाकी न्यावीच, शिवाय पिण्याचे पाणी वेगळ्या कॅनमध्ये ठेवावे. एका टाकीला गळती लागली, पंप बंद पडला किंवा पाणी दूषित झाले तरी दुसरा साठा हाताशी राहतो. अमेरिकेतील डेथ व्हॅलीत राष्ट्रीय उद्यान विभाग पर्यटकांना दिवसाला किमान एक गॅलन, म्हणजे सुमारे ४ लिटर पाणी नुसते पिण्यासाठी घ्यायला सांगतो. आपल्या हिशेबातले पिण्याचे अडीच लिटर तिथे अपुरे ठरतात.

पाण्याचे वजन

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. १०० लिटरची टाकी भरली की दीड माणसाचे वजन गाडीत चढते. प्रत्येक मोटरहोमची भारासह कमाल वजनाची मर्यादा ठरलेली असते. माणसे, बॅगा, गॅसचे सिलिंडर, किराणा आणि भरलेली टाकी मिळून ती ओलांडली जाऊ शकते. ब्रिटनमध्ये १ जानेवारी १९९७ पासून मोटारीची चाचणी उत्तीर्ण झालेल्यांना त्या परवान्यावर सर्वसाधारणपणे ३,५०० किलोपर्यंतचीच गाडी चालवता येते. त्यामुळे तिथे पाण्याचे शंभर किलो हा कायद्याचाही प्रश्न होतो.

जड गाडीला ब्रेक लावल्यावर थांबायला अधिक अंतर लागते, घाटात चढाला इंजिनावर ताण येतो आणि इंधनही जास्त जळते. म्हणूनच नळ जवळ असलेल्या मार्गावर मुक्कामाच्या गावी पोहोचल्यावर टाकी भरणे आणि प्रवास हलक्या गाडीने करणे सोयीचे ठरते.

आधी कोणती टाकी संपते?

नवख्या प्रवाशांचा अंदाज चुकतो तो इथे. आत घेतलेले पाणी कुठेतरी जाणारच. ओट्यावरचे आणि स्नानाचे सांडपाणी एका टाकीत साठते, तर शौचालयाचे 'कॅसेट' नावाच्या, बाहेर ओढून काढता येणाऱ्या डब्यात. या कॅसेटमध्ये साधारण १७ ते २० लिटर मावतात. वर धरलेले शौचालयाचे १२ लिटर पाणी आणि चौघांचे मलमूत्र मिळून ती एका दिवसातच भरते.

भारतीय कुटुंबांच्या बाबतीत हा मुद्दा अधिक महत्त्वाचा. आपल्याकडे कागदाऐवजी पाणी वापरले जाते. ती सवय सोडण्याची गरज नाही, पण पाण्याचा तो प्रत्येक तांब्या कॅसेटमध्येच जातो. गोड्या पाण्याची टाकी अर्धी शिल्लक असताना कॅसेटचा लाल दिवा लागतो, तो यामुळे. दिवसा गावातील सार्वजनिक स्वच्छतागृहे वापरावीत, गाडीतले रात्रीपुरते ठेवावे आणि लहान मगाने पाणी मोजून घ्यावे. एवढ्यावर कॅसेट दोन दिवस निघते.

ती रिकामी करण्यासाठी 'डंप स्टेशन' नावाची ठरलेली ठिकाणे असतात. सांडपाणीही तिथेच सोडायचे; रस्त्याकडेला किंवा ओढ्यात सोडणे हा गुन्हा आहे. काही डंप स्टेशनवर कॅसेट धुण्यासाठी नळ असतो. त्या नळाने पिण्याच्या पाण्याची टाकी कधीही भरू नये. तिथली नळी आदल्या प्रवाशाच्या कॅसेटला लागलेली असण्याची शक्यता असते. गोड्या पाण्यासाठी स्वतःची, खाद्यदर्जाची वेगळी नळी ठेवावी आणि भरण्यापूर्वी नळाचे पाणी काही क्षण वाहू द्यावे.

नळाचे सारेच पाणी शुद्ध नसते

प्रगत देशातले नळाचे पाणी डोळे मिटून प्यावे, असे मानण्याची पद्धत आहे. ऑगस्ट २०१६ मध्ये न्यूझीलंडमधील हेवलॉक नॉर्थ या सुमारे १४ हजार वस्तीच्या गावात या समजुतीला जबर धक्का बसला. मुसळधार पावसानंतर मेंढ्यांच्या विष्ठेने दूषित झालेले पाणी विहिरींत उतरले. त्या पाण्यात क्लोरीन मिसळले जात नव्हते. चौकशीतील अंदाजानुसार सुमारे साडेपाच हजार लोक आजारी पडले आणि चार मृत्यूंशी या साथीचा संबंध जोडला गेला. सप्टेंबर २०२३ मध्ये पर्यटकांच्या आवडत्या क्वीन्सटाउनमध्ये क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवीमुळे पोटाचे विकार पसरले. पाणी उकळून पिण्याची सूचना तिथे डिसेंबरपर्यंत लागू होती. हा परजीवी क्लोरीनने सहजासहजी मरत नाही.

गावात पाणी उकळण्याची सूचना आहे का, हे टाकी भरण्यापूर्वी विचारून घ्यावे. तळ्याचे किंवा ओढ्याचे पाणी कितीही नितळ दिसले तरी किमान एक मिनिट खळखळून उकळल्याशिवाय पिऊ नये. उकळण्यासाठी गॅस लागतो, तोही हिशेबात धरावा.

गाडी बरेच दिवस उभी असेल तर टाकीच दूषित झालेली असू शकते. दर १५ गॅलन, म्हणजे सुमारे ५७ लिटर क्षमतेमागे पाव कप साधे, सुगंध नसलेले घरगुती ब्लीच पाण्यात मिसळून टाकीत घालावे. सर्व नळांतून ते थोडे वाहू द्यावे. चार तासांनी टाकी रिकामी करून वास जाईपर्यंत स्वच्छ पाण्याने धुवावी. भाड्याची गाडी ताब्यात घेताना हे केले आहे का, हा प्रश्न विचारण्यात संकोच नको. जून ते ऑगस्ट या तिथल्या हिवाळ्यात डोंगराळ भागात रात्री पाणी नळ्यांमध्येच गोठते. पिण्यापुरते पाणी वेगळ्या बाटल्यांत, गाडीच्या आत ठेवावे.

आपल्या रस्त्यांवर

महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले आणि अशा गाड्यांसाठी तळ उभारण्याची कल्पना त्यात मांडली. मात्र ठरावीक अंतरावर पाणी आणि डंप स्टेशन मिळेल, अशी न्यूझीलंडसारखी सोय आपल्या रस्त्यांवर गृहीत धरता येत नाही. इथे मुक्कामाच्या ठिकाणी पाणी आणि सांडपाणी या दोन्हींची सोय आहे का, हे फोन करून आधी विचारावे. एप्रिल-मे महिन्यांत ज्या गावाची तहान टँकर भागवतो, तिथल्या नळावर शंभर लिटरची टाकी लावणे योग्य नाही. शहरातूनच पाणी भरून निघावे.

सारांश सोपा आहे. माणसांची संख्या, दोन नळांमधले दिवस आणि १२ लिटर यांचा गुणाकार करावा. गाडीत होणाऱ्या प्रत्येक स्नानाचे १० लिटर त्यात मिळवावेत आणि एका दिवसाचे पिण्याचे पाणी वेगळ्या भांड्यात राखीव ठेवावे. चौघांना दोन दिवस नळ भेटणार नसेल आणि स्नान तळावर होणार असेल, तर टाकीत ९६ लिटर आणि बाटल्यांत १० लिटर पुरतात. हा आकडा कॅसेट आणि सांडपाण्याच्या टाकीशी ताडून पाहावा. त्या आधी भरणार असतील तर जास्त पाणी घेऊन उपयोग नाही. डंप स्टेशन जवळ करावे लागेल.