पहिल्या पाळीची गाडी आणि वागळेंचा सवाल

पहाटे 4.30

निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीत गाडी उभी असते. इंजिन चालू केलं म्हणजे लगेच निघता येतं असं नाही. हवेचा काटा चढावा लागतो, तोवर ब्रेक सुटत नाही. तेवढ्या वेळात टायर बघायचे, समोरची काच पुसायची, ट्रिपशीटवर किलोमीटर लिहायचे. फस्सकन हवा सुटली की पहिला गिअर.

मी कंपनीची बस चालवतो. पहिली पाळी चाकणला न्यायची, मग जनरलवाले, दुपारी पहिली पाळी परत आणायची. कंपनीचं नाव इथे कशाला, त्या रस्त्याने रोज अशा शेकडो गाड्या धावतात. आमच्या गाडीत काय ऐकलं जातं आणि त्यावरून काय वाद पेटला, ते सांगायचं आहे.

पहाटे 5.20

भक्ती-शक्ती चौकात टूलरूमचे आबा चढतात. माझ्या मागची पहिली सीट त्यांची. रिटायरमेंट जवळ आली आहे, पण पाळी चुकवत नाहीत. बसल्या बसल्या फोन गाडीच्या स्पीकरला जोडतात आणि यूट्यूबवर पत्रकार निखिल वागळे सुरू होतात. आवाज पहिल्या तीन-चार रांगांपुरता, मागे पोरं झोपलेली असतात.

आकुर्डी, चिंचवड स्टेशन, मोरवाडी, नाशिक फाटा. भोसरीला पेंटशॉपचे अण्णा चढतात. तिथे फोन बदलतो आणि पत्रकार भाऊ तोरसेकरांचं ‘प्रतिपक्ष’ हे यूट्यूब चॅनेल लागतं. एक टोकाचे मोदीविरोधक, दुसरे मोदींच्या राजकारणाची बाजू उचलून धरणारे. भोसरीपर्यंत वागळे, भोसरीपुढे भाऊ, हा तह फार जुना आहे. त्यावरून कधी भांडण झालं नाही.

भांडण झालं ते असेंब्लीच्या एका कंत्राटी पोरामुळे. लातूरकडचा, चोवीस-पंचवीसचा. एक दिवस तो पुढे येऊन उभा राहिला, दोन-तीन मिनिटं वागळेंना ऐकलं आणि म्हणाला, “आबा, रागावू नका, पण ह्यांची धार गेली. पहिल्या वाक्यात शेवटचं वाक्य कळतं.”

आबांनी स्पीकरच बंद केला. मोशीपर्यंत कुणी बोललं नाही. अण्णांनी त्या दिवशी भाऊंनाही लावलं नाही.

सकाळी 7.10

पाळी आत गेली की गाडी पार्किंगला. तिथे मी रेडिओ लावतो, आकाशवाणी पुण्याच्या प्रादेशिक बातम्या. आमच्या घरात ही सवय वडिलांपासूनची. सुधा नरवण्यांचा आवाज ऐकल्याशिवाय ते डबा घेऊन बाहेर पडत नसत. पुणे केंद्र 1953 सालचं, म्हणजे पिंपरी-चिंचवडमध्ये कारखाने नुकते कुठे उभे राहत होते तेव्हापासूनचं.

बातम्या स्वच्छ असतात, मोजक्या असतात. कामगार संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाल्या, ते मी दुसऱ्या दिवशी इथेच ऐकलं. पण त्याने ठेकेदाराकडच्या पोराच्या हातात काय पडणार, हे विचारायला बातमीपत्रात कुणी नसतं. ते त्याचं काम नाही हे मान्य. मग ते काम कुणाचं?

सकाळी 9.15

जनरल शिफ्टच्या फेरीत एक इंजिनिअर साहेब पुढच्या सीटवर बसतात. कंपनीच्या कामानिमित्त काही वर्षं अमेरिकेत, डेट्रॉइटजवळ होते. पहाटेचा वाद मी त्यांना सांगितला. ते म्हणाले, तिकडे गाडीत बसलं की रेडिओवर राजकारणच. 1987 साली तिकडच्या सरकारी यंत्रणेने वादाच्या विषयात दोन्ही बाजू ऐकवण्याचा नियम काढून टाकला. पुढच्याच वर्षी रश लिम्बॉ नावाचा उजव्या विचारांचा निवेदक देशभर ऐकू येऊ लागला आणि 2021 मध्ये तो गेला तोपर्यंत बोलतच होता. दुपारचे तीन तास, लाखो ट्रकवाले, कारागीर त्याला ऐकणारे. विरोधी बाजूच्या माणसाला तो समोर बसवायचा नाही म्हणा ना. तरी लोकांना तोच हवा असायचा.

आपल्याकडे हा प्रकार रेडिओवर होऊच शकला नाही, कारण खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायला परवानगीच नाही. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावायच्या, एवढीच मुभा. म्हणून पुण्याच्या एफएमवर गाणी, गमतीजमती आणि फार तर खड्ड्यांवर चिमटे. मुंबईत रेड एफएमच्या मलिष्काने 2017 मध्ये महापालिकेवर विडंबनगीत केलं, तर पालिकेचे लोक तिच्या घरी डासांच्या अळ्या शोधायला पोचले आणि नोटीसही निघाली. एका गाण्याने एवढं होतं, तर रोज तासभर प्रश्न विचारणारा माणूस रेडिओवर असता तर काय झालं असतं? तो माणूस आपल्याला टीव्हीने दिला. टीव्हीवरून तो फोनमध्ये आला, आणि फोनमधून आमच्या बसच्या स्पीकरवर. ऐकणाऱ्याच्या दृष्टीने तो आता रेडिओच आहे. चेहरा कोण बघतो, सगळे खिडकीला डोकं टेकून ऐकतात.

सकाळी 11

ही माझी खरी मोकळी वेळ. म्हाळुंगे-खालुंब्रेच्या बाजूला बसगाड्या रांगेने लागतात, ड्रायव्हर लोक डबे सोडतात. त्या दिवशी आबांना अर्ध्या सुट्टीवर जायचं होतं, ते गेटबाहेर येऊन आमच्यातच बसले. पोराचं बोलणं त्यांच्या मनाला लागलं होतं.

“धार गेली म्हणजे काय, मला विचारा,” ते म्हणाले. “चाळीस वर्षं ड्रिलला धार लावतोय. धार गेली की आधी आवाज बदलतो. मग भोकाला बर यायला लागते. नवा ऑपरेटर काय करतो, जोर वाढवतो. जोर वाढवला की ड्रिल तापतं, निळं पडतं, मोडतं. जोर हा इलाज नाही. काढायचं, ग्राइंडिंगला द्यायचं.”

“मग वागळेंचा आवाज बदललाय का?” मी विचारलं.

आबा बराच वेळ डब्याच्या झाकणाशी चाळा करत राहिले. मग म्हणाले, “जोर वाढलाय.”

आबांना हे कबूल करणं सोपं नव्हतं. 1990 च्या ‘महानगर’पासून ते ह्या माणसाच्या मागे आहेत. शिवसैनिकांनी त्या पेपरवर आणि वागळेंवर हल्ले केले, तरी पेपर निघत राहिला. 2008 मध्ये आयबीएन लोकमत ही वाहिनी आली, तेव्हापासून रात्री ‘आजचा सवाल’ झाल्याशिवाय आबांच्या घरी पान वाढलं जात नसे. समोर मंत्री असो, आमदार असो, वागळे मध्येच तोडायचे. उत्तर टाळलं की तोच प्रश्न पुन्हा, पुन्हा तोच. राज्य तेव्हा काँग्रेस-राष्ट्रवादीचं होतं आणि त्यांच्या प्रवक्त्यांना घाम फुटलेला आम्ही पाहिला आहे. नोव्हेंबर 2009 मध्ये सचिन तेंडुलकरवरच्या शिवसेनेच्या ‘सामना’तल्या लिखाणावरून रान उठलं, तेव्हा शिवसैनिकांनी वाहिनीची मुंबई-पुण्याची कार्यालयं फोडली. वागळे तरीही पडद्यावर येऊन बोलले.

मी ते कार्यक्रम पाहिले आहेत म्हणून ठामपणे सांगतो, त्यातला खरा जीव वागळेंच्या बोलण्यात नव्हता. समोरच्याला उत्तर द्यावं लागायचं, त्यात होता. एक खुर्ची त्यांची, तीन खुर्च्या त्यांच्याशी न पटणाऱ्यांच्या. समोरचा कधी मुद्द्याचं बोलून जायचा आणि वागळेंनाही क्षणभर थांबावं लागायचं. त्या थांबण्यात आम्हाला विचार करायला जागा मिळायची.

2014 मध्ये त्यांनी आयबीएन लोकमत सोडलं. मग एकामागून एक वाहिन्या. टीव्ही9 वरचं ‘सडेतोड’ जुलै 2017 मध्ये तडकाफडकी बंद झालं. त्यानंतर एवढ्या मोठ्या मराठी टीव्हीवर ह्या माणसाला रोजची खुर्ची उरली नाही. त्यांची धार कुठे गेली हे विचारणाऱ्याने आधी हे विचारावं की त्या समोरच्या खुर्च्या कुणी काढून नेल्या.

आणि हिंमत म्हणाल तर ती तसूभर कमी झालेली नाही. 9 फेब्रुवारी 2024 ला पुण्यात ‘निर्भय बनो’ची सभा होती. वकील असीम सरोदे, कार्यकर्ते विश्वंभर चौधरी आणि वागळे एका गाडीतून निघाले होते. अडवाणींना भारतरत्न जाहीर झाल्यावर वागळेंनी जे लिहिलं होतं, त्यावरून भाजपचे कार्यकर्ते खवळले होते. गाडीवर दगड आले, अंडी आली, शाई आली, काचा फुटल्या. पासष्टीच्या घरातला माणूस त्याच फुटक्या गाडीतून साने गुरुजी स्मारकात पोचला आणि बोलला. मी रोज काचेमागे बसणारा माणूस आहे, दगड काचेवर कसा येतो ते मला माहीत आहे. त्या माणसाला घाबरट म्हणणाऱ्याशी मी बोलणार नाही.

पण हिंमत आणि धार एक नव्हे. ‘निर्भय बनो’च्या सभा भाजपला पाडा असं सांगणाऱ्या होत्या. नागरिक म्हणून तो त्यांचा पूर्ण हक्क आहे. मात्र ज्या सेनेने 2009 मध्ये कार्यालय फोडलं, तिचा ठाकरे गट 2024 मध्ये भाजपविरोधी आघाडीत होता. मग त्या गटाला कडक प्रश्न कोण विचारणार? प्रश्न विचारणारा प्रचारात उतरला की एका बाजूचे प्रश्न त्याच्याकडे आपोआप कमी होतात, त्याने कितीही प्रामाणिक राहायचं ठरवलं तरी. भाऊंचंही तेच. ते ‘मार्मिक’ साप्ताहिकात काम केलेले, जुन्या राजकारणाचे संदर्भ त्यांच्याइतके तोंडपाठ असलेला माणूस विरळा. पण मोदींपुढे त्यांची उलटतपासणी थांबते. अण्णांना मी हे तोंडावर सांगितलं आहे.

दोघेही एकटे बोलतात. समोर माणूस नाही, त्यामुळे हरकत घेणारं कुणी नाही. जे ऐकतात ते आधीच पटलेले. आबांच्या भाषेत, ड्रिल फिरतंय पण खाली जॉबच नाही.

दुपारी 3.45

पाळी सुटली. पोर पुढच्या दारातून चढला. वाटेत चाकणच्या तळेगाव चौकात आबा अर्ध्या सुट्टीचं काम उरकून चढले, तेव्हा तो त्यांच्या शेजारी जाऊन बसला. गाडी तिथेच अडकली होती. कंटेनर, रिक्षा, दुधाच्या गाड्या, सगळं एकमेकांत. ऑगस्ट 2025 मध्ये तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार भल्या पहाटे ही कोंडी बघायला आले होते. पहाटे चौक मोकळाच असतो, बघायचं होतं तर ह्या वेळेला यायला हवं होतं.

पोर म्हणाला, “आबा, मी तुमच्या वागळेंचा शत्रू नाही. मला त्यांच्याकडून एक सवाल हवा होता.”

“कुठला?”

“माझं मत औशाकडं. पगार ठेकेदाराकडं. राहतो चिखलीत, सहा जण एका खोलीत, पाणी टँकरचं. ह्या शहरात मार्च 2022 पासून जानेवारी 2026 च्या निवडणुकीपर्यंत नगरसेवकच नव्हता, सगळा कारभार प्रशासकाचा. आता नगरसेवक आलाय, पण मी त्याचा मतदार नाही. सहा वर्षं मी इथं गाड्या जोडतोय. तर माझा माणूस कोण?”

अण्णा मागून म्हणाले, “वागळेंकडे दिलास तर ते मोदींवर नेतील.”

आबा म्हणाले, “आणि भाऊंकडे दिलास तर पवारांवर.”

दोघांनाही हसू आलं, पोराला आलं नाही. तो उत्तराची वाट बघत होता. खरं तर ‘आजचा सवाल’च्या काळात हा प्रश्न रात्रीच्या चर्चेला शोभला असता. शहराच्या आयुक्तांना फोनवर घ्यायचं, एक आमदार, एक कामगार संघटनेचा माणूस, एक उद्योजक. आणि मधे तो माणूस, जो उत्तर मिळेपर्यंत तोच प्रश्न विचारत राहतो.

संध्याकाळी 6.30

निगडीला गाडी लावली. आबा उतरता उतरता थांबले. वागळेंच्या चॅनेलला पोराचा प्रश्न लिहून पाठवायचा, असं त्यांनी कोंडीतच ठरवलं होतं. शब्द माझ्याकडून घेतले. मी सांगितलं, प्रश्न असा लिहा की त्यात कुठल्याच पक्षाचं नाव नको, आणि खाली लिहा की ह्याचं उत्तर तुम्ही एकट्याने देऊ नका, तुमच्याशी ज्याचं अजिबात पटत नाही असा माणूस समोर बसवा. भाऊ तोरसेकर आले तर फारच उत्तम. भोसरीचे अण्णा त्यांना तेच लिहिणार आहेत.

आबांनी विचारलं, “बसतील का दोघं समोरासमोर?”

बसले तर पहिल्या पाळीची आमची सबंध गाडी जागी राहून ऐकेल, मागच्या रांगेपर्यंत आवाज सोडून. आणि त्या दिवशी वागळे पहिल्या पाच मिनिटांत समोरच्याला तिथेच पकडतील, ह्यावर मी आजही पैज लावायला तयार आहे.