पाच मिनिटांच्या उड्डाणाचा दिवस

सकाळी सात. हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरच्या हँगरचं दार सरकतं. सुपर ब्लानिक ग्लायडर बाहेर काढायचं. चेक बनावटीचं, धातूचं, रिकामं असताना ३१० किलो, आणि पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत १६ मीटर. ढकलायला चौघं, "सावकाश, सावकाश" म्हणायला पाचवा.

साडेसात. तपासणी. केबलचा हुक पुन्हा पुन्हा सोडून पाहायचा. कॅनॉपीवरचा लोकरीचा धागा जागेवर आहे ना? अख्ख्या विमानातलं हे सगळ्यात स्वस्त उपकरण. वळताना जरा घसरलात की तो तिरका होतो, आणि मागे बसलेल्या सरांना तुमच्याआधी दिसतो.

आठ. पहिली लाँच. मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला विंच, मध्ये पोलादी केबल. कुणीतरी पंख सरळ धरतो. "टेक अप स्लॅक." केबल ताणली जाते. "ऑल आउट!" पंखवाला चार पावलं धावतो, तेवढ्यात ग्लायडर उचललेलंही असतं. नाक इतकं वर की समोर जमीन दिसतच नाही. पाऊण मिनिटात हजारेक फूट, मग पिवळी मूठ ओढून केबल सोडायची. सकाळची हवा निवांत असते, त्यामुळे एक फेरी मारून पाच-सहा मिनिटांत खाली. शिकणाऱ्याला हीच हवा बरी. इंजिनच नाही, तेव्हा उतरताना चुकलं तर पुन्हा वर जाऊन येतो म्हणायची सोय नाही. उंचीचा हिशेब एअरब्रेकवरच जुळवायचा.

उतरलेल्यानं ग्लायडर मागे ढकलायचं, दुसऱ्याचा पंख धरायचा, वेळ लिहायची. उडण्यापेक्षा हेच जास्त.

अकरा. जमीन तापते, गरम हवा वर चढू लागते. नवखे सावली शोधतात, जुने मात्र आता जागे होतात. पंख न हलवता घारी गिरक्या घेत असतील, तिथं जायचं. चढ-उताराचा वेग दाखवणाऱ्या व्हेरिओमीटरचा काटा वर सरकला की कलून त्याच गोलात राहायचं. जमलं तर अर्धा तास. लोहगावचा हवाई तळ जवळच, त्यामुळे किती वर जायचं हे आपल्या मनावर नसतं. खाली रांगेतले घड्याळ बघत बसतात, आणि खरं सांगायचं तर त्यांना थोडा रागच येतो.

दोन. वारा फिरतो. सगळा पसारा उचलून विंच त्या टोकाला, ग्लायडर या टोकाला.

चार. पूर्वेला वळवाचा ढग चढतो. त्याच्या पोटाखाली जोरदार वर ओढणारी हवा असते, पण तिच्या मोहात पडायचं नाही. सर हात हलवतात. उरलेल्यांचा नंबर उद्या. आधी ग्लायडर आत घ्या.