दरमहा पैसे दिले, पुढे काय?

३१ ऑगस्ट २०२४ रोजी नागपूरच्या रेशीमबाग मैदानावर महाराष्ट्र सरकारच्या ‘लाडकी बहीण’ योजनेच्या दुसऱ्या टप्प्याचं वितरण झालं. महिलांना दरमहा १,५०० रुपये, वय २१ ते ६५, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत. घरी चारचाकी असली की नाव बाद. ट्रॅक्टर मात्र चालतो! पैसे आधार जोडलेल्या खात्यातच पडतात. त्यामुळे कितीतरी बायकांना आपले पैसे कुठल्या जुन्या खात्यात गेले, हे बँकेत पासबुक भरून घेतल्यावरच कळलं.

अटी असल्यामुळे हे सरसकट ‘मूलभूत उत्पन्न’ नव्हे. त्याचा खरा प्रयोग शेजारच्या मध्य प्रदेशात झाला. २०११ पासून ‘सेवा’ या कष्टकरी महिलांच्या संघटनेने युनिसेफच्या निधीतून आठ गावांत प्रत्येक प्रौढाला महिना २०० आणि मुलामागे १०० रुपये दिले. वर्षभराने ३०० आणि १५० केले. मुलांचे पैसे आईच्या हाती. खर्चावर कसलंही बंधन नाही. खरी मेहनत होती ती पाहणीत: पैसे न मिळणारी तशीच बारा गावं निवडायची, सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी घरोघर तेच प्रश्न विचारायचे. खाणं सुधारलं का, कर्ज फिटलं का, मुली शाळेत टिकल्या का? पैसा दारूत जाईल, ही भीती तिथे खरी ठरली नाही.

१९७२च्या दुष्काळात कामाची हमी देणाऱ्या महाराष्ट्राने पैशाच्या हमीचीही अशीच गावनिहाय, तुलनेची पाहणी करून आकडे जाहीर करायला हवेत.