तापाचं गणित

आधीच कबूल करतो, माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. 'एकोणसत्तर' म्हटलं की अजूनही दोन सेकंद विचार करावा लागतो. या लेखात आकडे जरा जास्त आहेत, पण घाबरू नका. तुमच्यापेक्षा माझी अवस्था वाईट आहे!

मागच्या पावसाळ्यात आमच्या होस्टेलला तापाची साथ आली. आधी एका विंगमधले दोघं आडवे झाले आणि बघता बघता निम्मं होस्टेल क्रोसिनवर आलं. "व्हायरल आहे, सगळ्यांनाच होणार," असं म्हणून आम्ही मोकळे. एका रविवारी मला सकाळपासून कणकण वाटत होती. पण दुपारी फीस्ट होती! मेसला गेलो, रांगेत उभा राहिलो, वाढपी मामांशी खोकत खोकत गप्पाही मारल्या. दोन दिवसांनी मामा दिसेनात. ते रोजंदारीवर आहेत हे मला तेव्हा कळलं. पाच दिवस खाडा, म्हणजे पाच दिवसांचे पैसे गेले. ताप त्यांना माझ्याकडूनच गेला हे सिद्ध करता येणार नाही. पण "सगळ्यांनाच होणार" हे खरं आहे का, हे मात्र तपासावंसं वाटलं. आणि शोधता शोधता एम-थ्रीमधली डिफरन्शियल इक्वेशन्स परत समोर आली!

१९२७ साली केर्मॅक आणि मॅकेंड्रिक या दोन स्कॉटिश संशोधकांनी साथीच्या गणितावर एक पेपर लिहिला. केर्मॅक केमिस्ट्रीवाला. १९२४ मध्ये प्रयोगशाळेतल्या अपघातात त्याची दृष्टी गेली होती. मॅकेंड्रिक डॉक्टर, भारतात अनेक वर्षं नोकरी केलेला. आणि त्यांनी आपलं गणित ताडून पाहिलं ते कशावर? आपल्या मुंबईच्या प्लेगवर! डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळातले दर आठवड्याचे मृत्यू त्यांनी आलेखावर मांडले, आणि त्यांच्या सूत्राची घंटेसारखी वक्ररेषा त्यावर बऱ्यापैकी बसली. अर्थात प्लेग उंदरांच्या पिसवांतून पसरतो, त्यामुळे हे गणित ढोबळच आहे, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय.

मॉडेल अगदी सोपं आहे. लोकांचे तीन गट करायचे. पहिला, ज्यांना अजून रोग झालेला नाही पण होऊ शकतो. दुसरा, जे आज आजारी आहेत आणि पसरवतायत. तिसरा, जे बरे झाले (किंवा दुर्दैवाने गेले) आणि आता पसरवत नाहीत. रोज नवे आजारी किती? तर पहिल्या आणि दुसऱ्या गटाच्या गुणाकारावर ते ठरतं, कारण रोग व्हायला दोघांची गाठ पडावी लागते. आणि दुसऱ्या गटातून रोज ठराविक हिस्सा बरा होऊन तिसऱ्यात जातो. झालं मॉडेल!

आता गंमत बघा. समजा, सुरुवातीला एक आजारी मुलगा सरासरी तिघांना ताप देतो. या तीनला 'आर-नॉट' म्हणतात. होस्टेलमध्ये ३०० मुलं आहेत. त्यातल्या २०० जणांना होऊन गेला की त्याला भेटणाऱ्या दर तिघांपैकी दोघं आधीच सुटलेले. म्हणजे तो आता एकालाच देतो, आणि तिथून साथ उतरायला लागते. सगळे संपले म्हणून साथ थांबत नाही, तर आगीला पुरेसं सरपण मिळत नाही म्हणून थांबते. केर्मॅक-मॅकेंड्रिक यांचा मोठा निष्कर्ष हाच होता.

होस्टेलचं खरं उदाहरणही आहे. १९७८ मध्ये इंग्लंडच्या एका निवासी शाळेत फ्लू आला. ७६३ मुलांपैकी ५१२ जण अंथरुणाला खिळले, तेही साधारण दोन आठवड्यांत! या आकड्यांवर हे मॉडेल इतकं चांगलं बसतं की ते आजही शिकवताना वापरतात.

मग मी कॉम्प्युटरवर आपलं ३०० मुलांचं होस्टेल मांडलं. आर-नॉट तीन धरला तर एका वेळी सुमारे ९० जण आडवे आणि शेवटपर्यंत साधारण २८० जणांना ताप. आजारी मुलांनी भेटीगाठी निम्म्या केल्या, म्हणजे आर-नॉट दीड झाला, तर एका वेळी फक्त १९-२० आजारी आणि एकूण १७५. म्हणजे शंभरेक जण चक्क सुटले! २०२० मध्ये कोरोनाच्या वेळी सगळे 'कर्व्ह सपाट करा' म्हणत होते, ते हेच.

मॉडेलला मर्यादा आहेत. सगळे सगळ्यांना सारखेच भेटतात असं ते धरून चालतं. प्रत्यक्षात रूम पार्टनर चोवीस तास सोबत असतो, तर तिसऱ्या मजल्यावरचा टॉपर कोणालाच भेटत नाही! पण वाढपी मामा मात्र रोज सगळ्यांना भेटतात. म्हणजे सगळ्यात जास्त धोका त्यांना, आणि आजारी पडल्यावर पगार कापला जाणार तोही त्यांचाच.

म्हणून मेस कमिटीला दोन विनंत्या. एक, आजारी मुलाचा डबा रूमवर पोचवायची सोय करा. दोन, तापाने मामांचा खाडा झाला तर पैसे कापू नका. नाहीतर तेही ताप अंगावर काढून वाढायला येतील, आणि आर-नॉट पुन्हा तीन!

आणि मित्रांनो, कणकण वाटली तर फीस्ट सोडा. मी सोडायला हवी होती.