नेपाळच्या खेड्यांतील विजेची चूल

नेपाळच्या डोंगरांत ओढ्यांच्या पाण्यावर चालणारीं लहानशीं वीजघरें पुष्कळ आहेत. राष्ट्रीय तारा ज्या दऱ्यांत पोंचल्या नाहींत, तेथें दिवा लागला तो ह्यांच्यामुळें. चूल मात्र लाकडांचीच राहिली. धूर आणि मोळीचें ओझें बायकांच्या वांट्यास तसेंच राहिलें. गॅस येतो तो भारतांतून, आणि २०१५ सालीं सीमेवरची वाहतूक अडली तेव्हां शहरांतल्या चुलीही थंडावल्या. मग घरच्या विजेवर स्वयंपाक कां होऊं नये?

अडचण हिशेबाची आहे. समजा, वीजघर २० किलोवॅटचें व घरें २००. प्रत्येक घरास १०० वॅट येतात. विजेची शेगडी १,५०० वॅट मागते. चौदा घरांनीं एकाच वेळीं शेगडी लावली, कीं साऱ्या गांवाची वीज संपली! आणि भाताची वेळ तर सर्वांचीच एक.

मध्यरात्रीं हीच वीज कोणास नको असते. ओढा थांबत नाहीं; तेव्हां यंत्राची गति बिघडूं नये म्हणून उरलेली वीज पाण्यांत बुडविलेल्या तापकांत जाळून टाकावी लागते. खालीं घरांत लाकूड जळतें, वर वीजघरांत वीज जळते.

ही वीज सांठविणें हें बॅटरीचें काम. १०० वॅटप्रमाणें दहा तास भरली तर एक युनिट आंत जातें. थोडी घट सोडली, तरी एका कुटुंबाचा सकाळचा डाळभात तेवढ्यांत निघतो. मात्र भांडें दाबाचें हवें. एक लिटर पाणी २० अंशांवरून उकळण्यास सुमारें ०·०९ युनिट पुरतें. पुढें झांकण उघडें ठेवून वाफ दवडणें हाच खरा खर्च. शिवाय ३,००० मीटर उंचीवर पाणी ९० अंशांच्या आसपासच उकळतें, आणि उघड्या भांड्यांत डाळ शिजतां शिजत नाहीं.

शिशाची बॅटरी स्वस्त, पण रोज निम्म्याखालीं उतरविली तर लवकर मरते. लोह-फॉस्फेटाची लिथियम बॅटरी खोल उपसा सोसते व हजारों फेरे टिकते. गोठणबिंदूखालीं ती भरूं नये, एवढें पथ्य. थंड डोंगरांत, रात्रीं भरावयाच्या वस्तूस, हें पथ्य लहान नव्हे. ती घराच्या आंत, परंतु आगीपासून दूर ठेवावी लागते.

वीजघरापाशीं एकच मोठी बॅटरी ठेवावी, असाही एक पक्ष आहे. तिची निगा सोपी, हें खरें. परंतु मग साऱ्या शेगड्यांचा भार बारीक तारांवर एकदम येतो, आणि शेवटच्या घरीं विजेचा दाब पडतो. घरोघरीं बॅटरी असली तर तारेंतून घरास १०० वॅटच पुरतात. विखुरलेल्या गांवास तीच बरी.

पाणपाळी शेतकऱ्यास नवी नाहीं. येथें वीजपाळी लावावी लागते. दिवेलागणीस कोणीं बॅटरी भरावयाची नाहीं. रात्रीं दहानंतर दर कमी. पाटाचें पाणी फोडणारा असतो तसा जास्त वीज ओढणाराही असणार. त्यासाठीं ठराविक प्रवाहापलीकडे आपोआप तुटणारी कळ प्रत्येक घरीं बसवितात. बॅटरी संपल्यावर नवी कोणीं घ्यावयाची, हें मात्र पहिल्याच सभेंत ठरवून दरमहा थोडे पैसे बाजूस टाकले पाहिजेत.

फाल्गुन-चैत्रांत ओढा आटतो. वांटा १०० वरून ६० वॅटवर आला, तर तेवढ्याच रात्रींत बॅटरींत ०·६ युनिटच जातें. त्या दिवसांत सकाळचा भात विजेवर व संध्याकाळचें लाकडांवर, असा बेत करून माघांतच मोळ्या रचून ठेवाव्या लागतात.