राउमाची राहती घरं

जुलै संपत आला आहे. राउमाच्या बाजारचौकात सकाळी नऊलाच ऊन चांगलं वर चढलं आहे. फिनलंडच्या या पश्चिम किनाऱ्यावर सध्या पाचच्या आत उजाडतं. टेबलांवर नवे बटाटे, स्ट्रॉबेऱ्या आणि मटारच्या शेंगांचे ढीग लागले आहेत. मटार इथे लिटरच्या मापाने विकतात. माझ्या पुढच्या आजी माप भरून घेतात आणि तिथेच उभ्याउभ्या शेंगा सोलून कच्चे दाणे तोंडात टाकतात. चौकातले निम्मे लोक तेच करताहेत.

चौकाच्या कडेला 1776 सालचं जुनं नगरभवन आहे. आता तिथे संग्रहालय आहे. जवळच सावली धरून चार-पाच बायका लेस विणत बसल्या आहेत, कारण हा लेसचा आठवडा आहे. 1971पासून दर उन्हाळ्यात तो साजरा होतो.

मी एकीच्या शेजारी बसते. तिच्यापुढे लोडासारखी गोल, टणक उशी आहे. उशीवर भोकं पाडलेला नक्षीचा कागद गुंडाळलेला आणि त्यावर टाचण्यांचं रान. सुई नाही, क्रोशाचा हूकही नाही. प्रत्येक धाग्याच्या टोकाला पेन्सिलीएवढी लाकडी काडी लटकते आहे, आणि अशा कितीतरी काड्या उशीवरून खाली ओळंबल्या आहेत. ती दोन जोड्या उचलते, मधले धागे एकमेकांवरून नेते, जोड्यांना पीळ देते, टाचणी खोचते, पुढच्या जोड्या घेते. हालचाली एवढ्या दोनच, अदलाबदल आणि पीळ. सगळी नक्षी त्यांतूनच उतरते. काड्या एकमेकींवर आपटून सारखी खटखट चालू आहे. ती मान वर न करता माझ्याशी बोलते आणि एकही धागा चुकत नाही. अर्ध्या तासात कापड वाढलं किती? माझ्या करंगळीच्या पेराएवढं.

अठराव्या शतकात या गावाची कितीतरी घरं याच खटखटीवर चालत. बायकांच्या टोपीच्या कडेला लेस लावायची तेव्हा रीत होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर टोप्यांची फॅशन गेली आणि धंदा बसला. कसब मात्र मेलं नाही, कारण घराघरांत ते कोणीतरी हातात धरून ठेवलं.

हातात धरून ठेवणं हा या गावाचा स्वभावच आहे, असं मला गल्ल्यांतून फिरताना वाटत राहतं. 1442मध्ये राउमाला नगराचे हक्क मिळाले. 1550मध्ये स्वीडनचा राजा गुस्ताव वासा याने इथल्या व्यापाऱ्यांना नव्याने वसवलेल्या हेलसिंकीत जाऊन राहण्याचा हुकूम सोडला. ते गेले, पण तिथे रमले नाहीत. 1557मध्ये परतीची मुभा मिळाली आणि ते आपल्या गावी आले. 1640 आणि 1682च्या आगींत गाव जळालं. लोकांनी पुन्हा त्याच मध्ययुगीन वळणांच्या रस्त्यांवर लाकडी घरं उभारली. ते रस्ते आजही तसेच वाकडे आहेत.

समुद्र तेवढा दूर गेला आहे. हिमयुगात बर्फाखाली दबलेली इथली जमीन अजून दरवर्षी काही मिलिमीटर वर येते, त्यामुळे गावालगतचं जुनं बंदर कोरडं पडलं आणि नवं पश्चिमेला सरकलं. पण घरांच्या दर्शनी भागावर समुद्राचाच पैसा दिसतो. 1890च्या दशकात देशातला सर्वांत मोठा शिडाच्या जहाजांचा ताफा राउमाचा होता. जहाजमालकांनी त्या कमाईतून साध्या लाकडी भिंतींवर कोरीव चौकटी आणि पट्ट्या चढवल्या. काही खिडक्यांत चिनी मातीच्या कुत्र्यांची जोडी ठेवलेली असते. घरधनी समुद्रावर असला की कुत्र्यांची तोंडं बाहेर आणि तो परतला की आत, असं म्हणतात. एका खिडकीतली जोडी मी निरखून बघते आहे. तोंडं आत आहेत.

पुढच्या वळणावर एक गृहस्थ खिडकीची चौकट सोडवून घोडीवर ठेवून खरवडताहेत. खालचा कोपरा कुजलाय. ते सगळी चौकट फेकत नाहीत. कुजलेलं टोक तेवढं कापून पाइनचा नवा तुकडा सांध्यात बसवलाय. तुकडा पिवळाधमक, जुनं लाकूड मधासारखं गडद. त्यावर आता जवसाच्या तेलाचा रंग चढेल. हा रंग वाळायला वेळ घेतो, पण लाकूड श्वास घेऊ शकतं, असं ते मला समजावतात. प्लास्टिकचा रंग पाणी आत कोंडून ठेवतो आणि फळी आतून सडते. कोणता रंग घ्यावा, सांधा कसा करावा, हे सांगायला गावात दुरुस्तीचं सल्लाकेंद्रही आहे.

जुन्या राउमात सुमारे 600 इमारती आहेत आणि जवळपास 800 माणसं त्यांत राहतात. गेल्या शतकात अशी लाकडी गावं पाडून सिमेंटच्या इमारती उठवण्याची लाट फिनलंडभर होती. राउमा वाचलं. 1981च्या नगररचना आराखड्याने जुन्या गावाला संरक्षण दिलं आणि 1991मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारशात घेतलं. पण आराखडा खिडकी खरवडत नाही. ते काम घरमालकानेच करायचं, स्वतःच्या खर्चाने आणि स्वतःच्या सुट्टीत. पुण्या-वाईचे वाडे एकेक करून उतरताना बघितलेल्या मला हे फार मोलाचं वाटतं. वारसा म्हणून घोषित झालेली, रंगवून ठेवलेली पण रिकामी गावं मला पोरकी वाटतात. इथे दोरीवर कपडे वाळताहेत, दारात मुलाची सायकल आडवी पडली आहे, कोपऱ्यावरच्या दुकानात खिळे आणि बिजागऱ्या मिळताहेत.

राउमाला कधी गेलात तर चर्च जरूर पाहा; फ्रान्सिस्कन मठाचं ते दगडी चर्च गावातल्या लाकडी घरांहून जुनं आहे. पण उघडं फाटक दिसलं म्हणून कुणाच्या अंगणात कॅमेरा घेऊन शिरू नका. चौकात लिटरभर मटार घ्या, लेस विणणारीकडून बोटभर का होईना लेस विकत घ्या आणि तिने सांगितलेली किंमत पाडून मागू नका.